मागच्या दारानं आलेलं कोकरू

नरहररावांच्या नजरेतून आजवर काही म्हणजे काही सुटलेलं नाही. हे कुणी सांगितलं? नरहररावांनीच!

औरादच्या हायस्कुलात हेडमास्तर असताना त्यांनी भाकरीच्या पदरात घडी घालून आणलेलं भूमितीचं प्रमेय पकडलं. वेणीच्या रिबिनीवर लिहिलेली सनावळी पकडली. एकदा तर पायाच्या प्लास्टरवर अख्खं रसायनशास्त्र उतरवून आणलेला पोरगा पकडला. "पाय मोडलेलाच नव्हता! मी नुसतं पळ म्हणालो. पळाला!" ही गोष्ट बिदरात नौबाद भागातल्या प्रत्येक घराला तोंडपाठ होती, कारण रिटायर झाल्यावर नरहरराव तिथंच घर बांधून राहायला आले होते.

पण माणूस रिटायर होतो, संशय होत नाही. परीक्षेचा हॉल गेला आणि नजर रिकामी पडली. मग ती दूधवाल्याच्या मापावर, मीटर बघायला येणाऱ्यावर, चातुर्मासात वरणाच्या पातेल्यावर! "शारदा, लसणाचा वास यायलाय." "अहो, शेजारच्या घरातून यायलाय." "मग आपल्या पातेल्यातून कामून?" असा त्यांचा दिवस उजाडायचा. आणि अशात सुनेनं घरातच शाळा काढली. उपाशी माणसापुढं ताट वाढावं, तसं झालं!

शाळा काढायला कारण होतं नात, चिन्मयी. दहा वर्षांची. घरात ही पोरगी तापल्या कढईतल्या लाहीसारखी तडतडायची. खारीशी बोलायची, गल्लीतल्या कुत्र्याशी बोलायची, पाल दिसली तर तिचीही विचारपूस! पण परका माणूस समोर आला की तोंडाला कुलूप. शाळेत वर्षभर एक शब्द नाही. बाईंनी निरोप धाडला, डॉक्टरला दाखवा. दाखवलं. डॉक्टरांपुढंही तिनं तोंड उघडलं नाही, त्यामुळं त्यांना घसासुद्धा बघता आला नाही. तेव्हा सून विनीतानं तिला शाळेतून काढलं आणि घरी शिकवायला घेतलं. मुलगा संकर्षण नोकरीपायी कलबुर्गीला. रविवारी यायचा, अण्णांचं म्हणणं पटतंय म्हणायचा, बायकोचं म्हणणंही पटतंय म्हणायचा आणि सोमवारी पहाटे बस धरायचा.

नरहररावांना काही पटत नव्हतं. "घर जर शाळा झालं, तर उद्या हॉटेल देऊळ होईल!" शेवटी तह झाला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी शिक्षण खात्यातले रिटायर इन्स्पेक्टर महादेवप्पा घरी येतील. पोरीनं त्यांच्यापुढं तोंड उघडून, काय शिकली ते सांगायचं. सांगितलं तर घरची शाळा चालू. नाही तर जानेवारीत थेट कलबुर्गीकडच्या हॉस्टेलमध्ये.

"तिथं बरोबर बोलायला लागतात पोरी," नरहरराव म्हणाले.

"रात्री उशीत तोंड खुपसून रडतात, त्याला बोलणं म्हणत असाल तर लागतात, अण्णा," विनीता म्हणाली आणि कणीक इतकी जोरात मळली की परात जाग्यावरून हलली.

मग तिनं नाताळचं युनिट काढलं. युनिट म्हणजे काय, तर एकाच खुंटीवर घरातल्या सगळ्यांची कापडं. विषय एकच, नाताळ. त्यातच भूगोल, बेथलेहेम नकाशावर कुठं. त्यातच गणित, केकचे पाव, अर्धे, पाऊण. त्यातच विज्ञान, तारा का चमकतो. नेटवरून उतरवून घेतलेल्या कागदांत बर्फ होता, धुराडं होतं, शिंगांचं हरीण होतं. विनीतानं बर्फावर काट मारली, धुराड्यावर काट मारली, हरणापाशी जरा थांबली आणि तिथं लिहिलं, "मेंढपाळ. संतपूर."

हे तिनं लिहिलं, आणि सगळं तिथंच बिघडलं! पण ते पुढं.

पहिला संशय आला तो कागदी चांदणीवरून. ती आणून दिली शेजारच्या निलम्मानं. निलम्मा ख्रिश्चन, सरकारी दवाखान्यातली रिटायर नर्स. तिच्या दारात डिसेंबर लागला की भली मोठी लाल चांदणी झुलायची, तसलीच एक तिनं चिन्मयीला दिली. नरहरराव कंपाउंडपाशी नुसते खाकरले, तर ती बिचारी भिंतीपलीकडून घाईघाईनं म्हणाली, "सर, मी काही शिकवली न्हाई हां! तुमची सूनच विचारायली. मी म्हटलं, अगं सरांना चालतंय का? तर म्हणायली अभ्यास हाय. तुमच्याकडं चांदणीचा बी अभ्यास असतो का, सर?"

"असतो," नरहरराव म्हणाले. पण निलम्माला त्यांचा, आणि त्यांना निलम्माचा संशय आला तो आलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरराव ब्रश तोंडात धरून न्हाणीघरात उभे होते. बाहेर परसात विनीता फोनवर होती, दबक्या आवाजात. दबका आवाज म्हणजे नरहररावांच्या कानाला आरतीची घंटा! त्यांनी नळ बंद केला.

"हो, बाणूबाई, लहानच पाहिजे. पांढरं. एक पण डाग नको... हो, धुऊन आणा... चोवीसला संध्याकाळी, मागच्या दारानं... छे छे! अण्णांना अजिबात कळता कामा नये. कळलं तर सगळंच मोडतील... चिमीसाठीच करायलेय हो मी. एवढ्यानं तिची जीभ सुटली तर सुटली."

नरहररावांच्या तोंडातला फेस तोंडातच राहिला.

बाणूबाई म्हणजे संतपूरच्या त्यांच्या शेताची राखण करणाऱ्या तुळजारामची बायको. घरची पन्नासेक मेंढरं. पांढरं, डाग नसलेलं, धुतलेलं, पोरीची जीभ सुटण्यासाठी! आमच्या या बिदर-संतपूरकडं शेंबड्या पोरालाही विचारा, असलं जनावर कशाला मागतात. नवस! देवापुढं मान, आणि मग गावाला जेवण. कंदुरी!

नरहरराव स्वयंपाकघरात शिरले. शारदाबाई तूप कढवत होत्या.

"शारदा, सूनबाईनं नवस बोललाय."

"बरं झालं की. नारळ किती आणायचे?"

"नारळावर भागणारा नाही."

"मग साडीचोळी?"

"चार पायांचं आहे."

"चौरंग?"

"अगं, बें करणारं!"

शारदाबाईंच्या हातातला डाव तुपात गेला, दांड्यासकट. एकादशीला ज्या घरात साबुदाण्याचं पोतंसुद्धा वेगळ्या फळीवर, त्या घरात? त्या पाटावर बसल्या. मग म्हणाल्या, "पण अहो, नवस काम झाल्यावर फेडतात. पोरगी अजून कुठं बोलायली?"

हेडमास्तराला उत्तर येत नाही असं कधी होतं का? "ॲडव्हान्स!" ते म्हणाले.

"मग विचारा की तिला तोंडावर."

"विचारायचं नसतं. कॉपी चालू असताना ओरडलं की पोरगं चिठ्ठी गिळतं. जवळ जाऊन उभं राहायचं, आणि हातात चिठ्ठी असताना धरायचं!"

त्या वर्षी येळवस नाताळाच्या अगदी तोंडावर आली होती. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडं घरात माणूस सापडत नाही; सगळे शेतात. ज्वारीच्या कडब्याची कोपी उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव मांडायचे, पुजायचे, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील, पोटाची शिवण उसवेपर्यंत. घरचे सगळे संतपूरला गेले.

आंबिलीचा दुसरा तांब्या रिचवून नरहरराव उठले आणि हातपाय मोकळे करायच्या मिषानं तुळजारामच्या वाघरीकडं गेले. जाळीच्या कुंपणाआड मेंढरं उभी होती. तुळजाराम त्यांना बघून गडबडीनं उठला, आणि त्याची नजर चटकन खाली गेली. सापडला! नरहररावांनी मनात टाचण केलं.

"काय तुळजाराम, सूनबाईचा फोन आलता म्हणे."

"न्हाई जी. म्हंजी... आलता. पर वैनी म्हनल्या, मास्तरला सांगू नगा."

"मग मला कामून सांगायलास?"

"तुमीच इचारलाव न्हवं!"

इथं तुळजारामच्या डोक्यात काय चाललं होतं तेही सांगायला पाहिजे. बायकोनं निरोप सांगितल्यापासून तोही घोरात पडला होता. मास्तरांचं घर! ज्या घरात अंडं म्हटलं की तोंड धुवायला लागतं, तिथं कोकरू? ते पण मागच्या दारानं? बाणूबाई म्हणाली होती, "मोठ्या मानसाचं सारं मागच्या दारानंच असतंय." आता मास्तर स्वतःच पाय ओढत आले, म्हणजे त्यांना सगळं ठाऊक आहे आणि उगं झाकायलेत.

"मास्तर," तुळजाराम जवळ सरकून म्हणाला, "लाजायचं काम न्हाई. लेकरासाठी मानूस काय बी करतंय. देवाला समजतंय."

नरहररावांनी मनात दुसरं टाचण केलं. म्हणजे नवसच! त्यांची मान खाली गेली. तुळजारामनं तो होकार धरला.

"पर एक हाय. वैनी ल्हान म्हनल्या. आन् बाणूला म्हनल्या, गल्लीतली येनार, कोन साहेब येनार. एवढ्या मानसाला कोकरू काय पुरतंय? एकाला कान, एकाला शेपूट!"

"साहेब? महादेवप्पा?" नरहररावांचा आवाज चिरकला. महादेवप्पा म्हणजे गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, बाहेरगावी जाताना पाणीसुद्धा घरचं! त्यांना बोलावून, त्यांना हे वाढणार?

"ह्ये काय, ह्यो बघा, पांढराधोट!" तुळजारामनं कळपातून एक मेंढा शिंगाला धरून ओढला. मेंढा कसला, चार पायांची गादी! "आन् मास्तर, दुसरं असं, तुमच्या हितं कापनार कोन?"

आता इथं नरहररावांनी विचारायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, निदान बसायला तरी हवं होतं. पण त्याच वेळी त्यांची नजर कोपीकडं गेली. चिन्मयी कोपीच्या तोंडाशी मांडी घालून बसली होती. मांडीवर एक चुकार कोकरू, आणि ती त्याला तारे कसे तयार होतात ते समजावून सांगत होती. हात हलवून, डोळे मोठे करून. कोकरू ऐकत होतं. इतक्यात बाणूबाई तिला उंडा द्यायला वाकली, आणि पोरीचं तोंड दिवा मालवावा तसं मिटलं.

नरहररावांनी ते पाहिलं. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, नवसाबिवसावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण आपला विश्वास नाही म्हणून सुनेनं पोरीसाठी बोललेला नवस मोडायचा, एवढी छातीही नव्हती. हॉस्टेलचं आठवलं. उशीत तोंड खुपसलेलं आठवलं. त्यांनी शेताच्या बांधाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, मेंढ्याकडं मात्र पाहिलं नाही.

"जो करतो त्यालाच बोलाव," ते पुटपुटले. "परसात. आणि साहेब गेल्यावर. मी... मी बाहेरच्या खोलीत असेन."

"बास की! माझ्या मेव्हण्याला आनतो, रेवणसिद्धला. हात लई साफ हाय त्याचा!"

हे सगळं इकडं, आणि तिकडं विनीता कोपी मोडून कडब्याच्या पेंढ्या गाडीच्या टपावर बांधत होती. "अण्णा, गोठा करायचाय परसात," ती हसून म्हणाली. नरहररावांनी मान फिरवली. किती सहज हसतेय! पट्टीची कॉपीबहाद्दरसुद्धा इतकी सहज हसत नाही.

चोवीसची संध्याकाळ उजाडली... संध्याकाळ उजाडत नाही, पण नरहररावांना त्या दिवशी तसंच वाटत होतं. परसात कडब्याची कोपी उभी राहिली, आत बाहुली निजवलेली, वर निलम्माची चांदणी. चिन्मयी शारदाबाईंच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याचे पंख लावून देवदूत झाली होती. खुर्च्यांवर निलम्मा, शारदाबाई आणि मधोमध महादेवप्पा. उपरणं, विभूती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"काय पुट्टी, हेसरेनु?" महादेवप्पांनी प्रेमानं नाव विचारलं.

देवदूत गप्प.

"बरं, मराठीत सांग. हे काय केलंय?"

देवदूतानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. विनीता सारखी मागच्या दाराकडं बघत होती, आणि तिला तसं बघताना नरहरराव बघत होते, आणि दोघांना तसं बघताना महादेवप्पा बघायला लागले.

"अर्ध्या केकचा अर्धा म्हणजे किती, चिमी?" विनीतानं हळूच विचारलं. घरात हेच गणित चिन्मयी झोपेत सांगायची. आता ओठसुद्धा हलला नाही. महादेवप्पांनी चष्मा काढून पुसला. इन्स्पेक्टरनं चष्मा पुसला की निकाल लागला, हे नरहररावांना ठाऊक होतं. पण त्यांना तेव्हा निकालाची नाही, घड्याळाची घाई होती.

"महादेवप्पा, थंडी फार पडायलीय. निघा तुम्ही."

"निघू? जेवायला बोलावलात ना?"

"जेवण काय, कधीही! डबा पाठवतो."

"डबा?" महादेवप्पांनी चष्मा परत चढवला आणि घराकडं नाक वळवलं. "सर, तुमच्या घरात काय शिजायलंय, खरं सांगा?"

"भात!" शारदाबाई इतक्या जोरात ओरडल्या, की भातावर कुणाचाच विश्वास बसला नाही.

आणि मागचं दार वाजलं.

विनीताचा चेहरा उजळला. तिनं धावत जाऊन कडी काढली, आणि तिचा उजळलेला चेहरा तसाच, उजळलेलाच, दगड झाला. दारात कोकरू नव्हतं. दारात मेंढा होता! शिंगं वळलेली, कपाळभर हळद, गळ्यात झेंडूची माळ, दार भरून उरलेला. त्याच्या एका बाजूला तुळजाराम. दुसऱ्या बाजूला नवं धोतर नेसलेला रेवणसिद्ध, बगलेत फडक्याचं गुंडाळं.

"कोकरू कुठंय?" विनीता पुटपुटली.

"पुरलं नसतं, वैनी," तुळजाराम म्हणाला.

रेवणसिद्ध कामाचा माणूस. त्यानं परसात नजर टाकली, एवढी माणसं गोल करून बसलेली पाहून खूष झाला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "तोंड कुनीकडं करायचं? आन् जरा पानी द्या, मान धुवायची हाय." त्यानं फडकं सोडलं. आतला सुरा कपडे धुवायच्या दगडावर ठेवून घसकन एक हात मारला. ठिणगी उडाली.

तुळजारामला नरहररावांनी 'साहेब गेल्यावर' म्हणून बजावलं होतं. पण साहेब कोण, हे कुणी दाखवलं होतं त्याला? उपरण्यातल्या माणसाला तो पुजारी समजला!

"शिवशिवा!" महादेवप्पा खुर्चीवर चढले. निलम्मानं छातीवर हात ठेवला. शारदाबाईंनी डोळे मिटले आणि विष्णुसहस्रनाम मधूनच कुठूनतरी सुरू केलं.

आणि तेवढ्यात परसात एक आवाज फुटला.

"सोडा त्याला!"

सगळे थिजले. पंख लावलेला देवदूत मेंढ्याच्या गळ्यात पडला होता.

"सोडा म्हणते ना! बिडरी! अदन्न बिडरी! छोडो बोली ना मैं!" मराठीत सुरू झालेली पोरगी कन्नडमधून निघून उर्दूत पोचली आणि परत मराठीत आली. "हा मेंढपाळाचा आहे! मेंढपाळ बाळाला बघायला येतात, जेवायला नाही! बेथलेहेमला कुणी सुरा घेऊन गेलं होतं का? नकाशात बघा! आणि अर्धा, पाव, पाऊण करायला हा काय केक आहे? चार भाग केले की चार पाव होतात, पण परत एक मेंढा होत नाही! कळतं का तुम्हाला? एवढं सोपं गणित!"

रेवणसिद्धनं सुरा पाठीमागं लपवला.

"आणि तुम्ही!" ती खुर्चीवरच्या महादेवप्पांकडं वळली. "तुम्ही साहेब ना? मग वर चढून काय उभे? खाली उतरा आणि ह्यांना थांबवा!"

महादेवप्पा उतरले.

"चिमी..." विनीता रडायला लागली, हसायला लागली, दोन्ही एकदम करायला लागली. "अण्णा, मी नुसतं मांडीवर घ्यायला कोकरू मागवलं होतं हो! ही माणसांशी बोलत नाही, पण जनावरांशी बोलते. कोकरू मांडीवर असलं की त्याला म्हणून सांगितलं असतं हिनं सगळं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, ही कॉपी झाली! म्हणून मागच्या दारानं. पण हा सुरा? सुऱ्याचं कुणी सांगितलं?"

"मास्तरनं," तुळजाराम शांतपणे म्हणाला.

परसातली सगळी डोकी वळली.

"येळवशीला. वाघरीपाशी. मी इचारलो, कापनार कोन? तर म्हनले, जो करतो त्यालाच बोलाव."

"अहो!" शारदाबाईंचं सहस्रनाम थांबलं. "तुम्ही?"

"म्हणजे मला वाटलं... सूनबाईचा नवस... चिमीच्या जिभेसाठी..." नरहरराव बोलायला गेले. पण ज्या माणसानं आयुष्यभर "वाटलं म्हणजे? पुरावा काय?" एवढंच विचारलं, त्याला आता पुरावा कुठला मिळणार? त्यांच्या हाताला चाळा म्हणून त्यांनी धोतराचा सोगा पिळला.

"अज्जा," चिन्मयी म्हणाली, आता अगदी बारीक आवाजात, "माझ्यासाठी तू ह्याला मारू देणार होतास?"

नरहररावांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. चिन्मयीनं एक हात मेंढ्याच्या गळ्यात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हातानं अज्जाचं बोट धरलं. मेंढ्यानं तेवढ्यात गोठ्याचं छप्पर खायला सुरुवात केली.

महादेवप्पांनी उपरणं झटकलं. "भाषा तीन. भूगोल झाला. अपूर्णांक झाले. अधिकाऱ्याला आज्ञा दिली, म्हणजे नागरिकशास्त्र पण झालं. सर, ह्या पोरीला हॉस्टेलला कामून पाठवायलात? हॉस्टेलवाल्यांनी तुमचं काय वाकडं केलंय? घरीच राहू दे." मग ते नरहररावांकडं रोखून बघत म्हणाले, "पुट्टी पास. तुमचं मात्र मला काही खरं दिसत नाही."

जेवायला बसले ते, पण शारदाबाईंनी प्रत्येक पातेल्याचं झाकण उघडून, डावानं तळ दाखवल्यावर! भाताचा तर दोनदा. रेवणसिद्ध आणि तुळजाराम पंगतीला बसले. गुळवणी-पोळी खाताना रेवणसिद्ध एकदाच हळूच म्हणाला, "दाजी, एवढ्या लांब आनलाव, वरन-भाताला?"

दोघं निघाले तेव्हा नरहरराव म्हणाले, "तुळजाराम, मेंढा घेऊन जा."

तुळजारामनं कानाला हात लावले. "न्हाई जी! हळद लागली, माळ घातली. देवाच्या नावानं काढलेलं आमी परत कळपात घेत न्हाई. त्यो आता तुमचा."

आणि त्यो नरहररावांचा झाला.

घरची शाळा जोरात चालू आहे. चिन्मयी आता दूधवाल्याशी बोलते, मीटरवाल्याशी बोलते, डॉक्टरांना तर तिनं स्वतःहून घसा दाखवला. आणि रोज सकाळी नौबादच्या रस्त्यावरून शुभ्र धोतरातले एक रिटायर हेडमास्तर एक शुभ्र मेंढा चारायला नेताना दिसतात. मेंढा दिवसेंदिवस फुगायलाय. लोक थांबतात, मेंढ्याकडं बघतात, मग मास्तरांकडं बघतात.

परवा निलम्मानं कंपाउंडपाशी गाठलंच. नरहररावांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं. युनिट, मेंढपाळ, जीभ, नवस, हळद. निलम्मा सगळं शांतपणे ऐकत होती, मान हलवत होती. ऐकून झाल्यावर तिनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं आणि भिंतीवरून वाकून, दवाखान्यात पेशंटशी बोलावं तशा मायेनं म्हणाली,

"सर, मी शारदाक्कांना काही बोलणार न्हाई. तुम्हाला कवा लईच वाटलं, तर त्या बिचाऱ्याला हात लावू नका. आमच्याकडं या. रविवारी मटन असतंय."

नरहररावांनी मेंढ्याकडं पाहिलं. मेंढ्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं.